उणे वीस

शुक्रवारी रात्री साडेनऊला वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला, मग गप्प बसला.
फ्रीजरच्या आकड्यांकडे बघत मी उभी:
उणे अठरा. उणे सोळा.
आत चौदा कुप्या, करंगळीच्या पेराएवढ्या,
कुपीत ग्लिसरॉलचा चिकट थेंब,
थेंबात माणसाचं एक एन्झाइम
जे कुठल्याच माणसाच्या अंगातून काढलेलं नाही.

वाढवलं मी ते जिवाणूंच्या पोटात.
माणसाची ओळ त्यांच्या ओळीत शिवून दिली,
रात्रभर हलवत ठेवलं अठरा अंशांवर,
आणि त्यांनी, काही न समजता,
बिनचूक वाचून काढली.
मीही शाळेत असंच वाचलं होतं कन्नडचं पहिलं पुस्तक:
अर्थाविना, खणखणीत. बाई खूश.
मग पेशी फोडल्या. सहा हिस्टिडीनची शेपटी लावलेलं ते
निकेलच्या मण्यांना धरून राहिलं,
बाकीचं सगळं बेसिनमध्ये वाहून गेलं.
तीन महिने. चौदा कुप्या.

काम काय याचं, घरी विचारतात.
पेशीत प्रथिन ओवलं जातं, मणी मणी,
आणि कुठल्या निरोप्याच्या हाती कुठला मणी द्यायचा
ते हे बघतं.
याला आयसोल्यूसीन हवं. पण व्हॅलीनही येतं दारात,
एका कार्बनानं लहान, बाकी तोंडवळा तोच.
कधीकधी फसतं. हातात देऊन बसतं.
आणि मग शेजारच्या खोबणीत नेऊन पुन्हा तपासतं,
चुकलेलं तोडून बाहेर टाकतं.

आमच्याकडे असं कुणी नव्हतं.
वडिलांच्या रेशनकार्डावर कणबर्गी,
माझ्या दाखल्यावर कणबरकर,
शेताच्या उताऱ्यावर कणबरगेकर;
एका ताटाभोवती तीन आडनावं जेवायला बसतात.
या लिपीतून त्या लिपीत जाताना दर वेळी
काहीतरी बारीक गळलं, नाहीतर चिकटलं,
आणि तहसीलदाराच्या टेबलाला दुसरी खोबण नव्हती.
असो. उणे तेरा.

थर्मासात मीठ घातलेला बर्फ, बर्फात कुप्या,
स्कूटीवर दोन्ही गुडघ्यांत थर्मास,
कपिलेश्वरचा पूल ओलांडून शहापूर.
बसलिंगप्पाचं आइस्क्रीमचं दुकान, शटर अर्धं खाली,
त्याचा जनरेटर मात्र छातीठोक चालू.
"एन्री इदु?"
मी कन्नडात सुरुवात केली, निम्म्यात अडकले,
त्यानं मराठीत हात दिला, तोही प्रोटीनपाशी अडकला.
"पावडर काय, जिममधली?"
नव्हे.
"मग औषध?"
तेही नव्हे, अजून तरी.
"माणसाचं आहे," मी म्हणाले,
आणि त्यानं डबा अंगापासून जरा लांब धरला.
"पण माणसातलं नाही."
तो विचार करत राहिला. पंखा फिरत राहिला.
"म्हंजे आमच्या मँगोसारखं," तो म्हणाला,
"आंबा हाय, खरं झाडाचा न्हवं."

इतकं सोपं मला परीक्षकांसमोर सुचलं नव्हतं.

त्यानं केसर-पिस्त्याचा टब उचलला, खाली जागा केली,
पुठ्ठ्याचा तुकडा फाडून मार्करनं लिहिलं
वर कन्नडात, खाली मराठीत: खाऊ नय.
मी मार्कर मागून घेतला, एक मात्रा दिली.
त्यानं वाकून बघितलं. "हौद," म्हणाला,
आणि झाकण लावलं.

सकाळी अकराला वीज आली. दुपारी तपासलं:
चौदांतल्या बारा कुप्या शाबूत,
व्हॅलीन अजूनही दाराबाहेर काढतायत.
दोन का गेल्या, कळलं नाही.
नोंदवहीत एक रकाना आहे, साठवणुकीचं ठिकाण.
सर वाचणार, कदाचित बंगळूरचे लोकही.
थोडा वेळ पेन नुसतं धरून बसले.
मग लिहिलं:
शहापूर, बसलिंगप्पा, उणे वीस,
केसर-पिस्त्याच्या खाली.