पावणेतीन

सुधन्वानं लेस्टरहून फोनवर बजावलं होतं:
गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव.
गरम लागलं तर समज, तू यायच्या आधी चालू करून ठेवलीय,
थंडीत नखरे करत असणार.
मी हात ठेवला, वॉर्डात ठेवते तसा,
आधी तळवा, मग बोटांची पाठ.
ताप नव्हता.

हॅलिफॅक्सच्या चढावर, काळवंडलेल्या दगडी घरांपुढे
बाटलीच्या काचेसारखी हिरवी निसान मायक्रा.
वय चौदा. मालकीण एकच. तिचं वय ब्याऐंशी.
एनिड ग्रीनवुड दारातूनच म्हणाल्या,
"चहा नंतर. उजेड आहे तोवर बघून घ्या."

मी काय बघणार?
टायरच्या खाचेत वीस पेन्सचं नाणं घातलं,
तेलाचं झाकण उघडून आत साय धरलीय का पाहिलं.
मागच्या चाकावर गंज होता, तिथं हिरवं नेलपॉलिश.
"रंग जुळला नाही," त्या म्हणाल्या.

तपासणीच्या नोंदी मी रात्रीच वाचल्या होत्या.
वर्षाला साडेतीन हजार मैल, दरवर्षी जवळजवळ तेवढेच,
मग गेल्या साली दोनशे अकरा.
मी विचारलं नाही.
पेशंटच्या कागदावर असं उतरतं वजन दिसलं
की आधी खुर्ची ओढून बसायचं असतं.

त्यांनीच सांगितलं. नजरेच्या मधोमध
धूर बसलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही.
"नंबर प्लेट वाच म्हणाले. मी म्हटलं, कुठली गाडी?"
आणि स्वतःच हसल्या.

चक्कर मारायला निघालो तेव्हा
त्या सवयीनं उजव्या दाराशी गेल्या.
हँडलला हात लावला. थांबल्या.
मग पत्रा चाचपत, बॉनेटला वळसा घालून
डावीकडे आल्या.
चौदा वर्षांत त्या सीटवर कधी बसल्याच नव्हत्या.
पट्टा कुठून ओढायचा ते सापडेना.

उतारावर, प्रत्येक वळणाआधी
त्यांचा उजवा पाय रबरी चटईत रुतायचा.
ब्रेक मी लावत होते की त्या, कोण जाणे,
गाडी थांबत होती.
"दुसरा गिअर सकाळी रुसतो. जबरदस्ती नको. नीट माग."
चढावर सिग्नल लागला. माझी पोटरी थरथरायला लागली.
"क्लच थोडा वर येऊ दे. नाक उचलते बघ ती.
हं. आता सोड हँडब्रेक."
इंग्रजीत दोन्ही एकच, तरी
'तुम्ही'चं 'तू' झालेलं मला तिथं ऐकू आलं.

मग चहा. मग तीन हजार.

माझी आई बोहारणीपुढे चार जुन्या साड्या ठेवून
एका पातेल्यासाठी तासभर अडून बसायची.
तिच्याच आवाजात माझ्या डोक्यात आलं: अडीच.
तोंडातून निघाले दोन हजार पाचशे,
लांबलचक, ओशाळलेले.
त्या गप्प. मी गप्प.
"आणि मधलं?" त्यांनी विचारलं.
पावणेतीन.
"काय?"
तीनाला पाव कमी, मी म्हटलं. आमच्याकडे त्याला शब्द आहे.
त्यांनी तो बिस्किटासारखा तोंडात घोळवला,
पाव-ने-टीन,
"यात तीन ऐकू येतं," म्हणाल्या,
"गेलेलं कळतच नाही. चालेल."

कागदावर नाव, पत्ता, तारीख मीच लिहिली,
त्यांच्या बाजूचीसुद्धा.

पहिल्यात टाकली. दुसरा मागितला.
आरशात त्या फाटकापाशी, हात वर करून,
आणि बघत होत्या शेजारच्यांच्या कचऱ्याच्या डब्याकडे.
मी दिसायला हवी
तर त्यांना तिकडंच बघावं लागणार होतं.