अडीचशे शब्दांत

प्रकल्पाची गरज अडीचशे शब्दांत मांडा.
मांडते.
बाहेर किंग्टनवर कालपासून नुसतं धुकं,
ग्वेनच्या स्वयंपाकघरात ओल्या कुत्र्याचा वास
आणि टेबलावर तिच्या नवऱ्याच्या बावीस वह्या.

फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आपसूक आलं.
"तुला जमतं गं हे," समिती एका सुरात म्हणाली,
आणि खरंच जमतं. अकरा वर्षं
मी या देशाला लिहून देत आले
की मी इथे का असावं,
सोबत विजेची बिलं, पगाराच्या चिठ्ठ्या,
आणि आईकडे राहिलेल्या दिवसांचा हिशोब.
त्यांना तिथे 'परदेशातले दिवस' म्हणतात.

आता भेकांच्या वतीने.

भेक म्हणजे बेडूकच, पण कोरड्या कातडीचा,
अंगभर चामखिळी, उडी मारायचा कंटाळा.
फेब्रुवारी सरताना एखाद्या ओल्या रात्री
टेकडीवरच्या रानातून निघतो
तो थेट जिथे जन्मला त्या तळ्याकडे.
मधे रस्ता झाला.
त्याला कोणी कळवलं नाही.

हे लिहिलं. मग खोडलं.
"भावनिक वाटतं," म्हणाला रीस,
जो कौन्सिलात होता, त्यांची भाषा जाणतो.
त्या जागी टाकलं : अधिवासाचं विखंडन.
पाच शब्द वाचले.

लाभार्थी किती? थेट, अप्रत्यक्ष?
थेट आहेत वह्यांत. आयव्हरने पेन्सिलीने
एकेक रात्र टिपली आहे.
'८ मार्च. झिमझिम. ११४ पार, ३१ चिरडले.
ग्वेनचा खोकला वाढला.'
'१९ मार्च. ६७. एक मादी, तिच्या पाठीवर दोन नर.
तिघांना एकाच बादलीतून नेलं, भांडत.'
शेवटच्या वहीत अक्षर कापतं,
आकडेही उतरत जातात,
आणि मला ठरवता येत नाही
भेक कमी झाले
की आयव्हरला कमी दिसू लागले होते.
फॉर्ममध्ये याला विदेच्या मर्यादा म्हणतात.
ग्वेनला विचारलं नाही.

स्थानिक वाटा?
केक विकून दोनशे दहा पौंड,
माझा चिवडा, पुडा तीन पौंडाला, त्याचे एकोणसत्तर.
मागतोय नऊ हजार आठशे :
रस्त्याखालून दोन बोगदे, थाळीएवढ्या तोंडाचे.

अनुदान संपल्यावर प्रकल्प कसा टिकेल?
इथे अडले. चहा गार झाला.
शाळेत बाई म्हणायच्या, कूपमंडूक होऊ नका,
जग बघा.
बघितलं, बाई.
पण त्या विहिरीतल्या बेडकाची एवढी बदनामी करताना
कोणी विचारलं होतं का त्याला,
की बाबा, तू सगळं फिरून
परत तर आला नाहीस?
हेही बसलं नाही रकान्यात.

लिहिलं : स्वयंसेवकांचं प्रशिक्षण, शाळेशी करार,
दर शरदात तळ्याचा गाळ उपसणे.
अकरा बावन्नला बटण दाबलं.
लगेच पोच आली. आपला अर्ज मिळाला,
निर्णयाला चौदा आठवडे लागतील.

खिडकीवर थेंब वाजले तेव्हा.
ग्वेनने तापमापी पाहिली. सात अंश.
काही न बोलता तिने आयव्हरचं पिवळं जॅकेट
माझ्या हातात दिलं. बाह्या बोटांच्याही पुढे गेल्या.

पुलाच्या वळणावर पहिला दिसला,
पांढऱ्या रेषेवर बसलेला,
टॉर्चकडे तांब्याच्या डोळ्यांनी बघत,
घाई नसलेला.
लांबून लिओमिन्स्टरकडून एक लॉरी येत होती.
उचलला.
मुठीत जरा ढुशा दिल्या त्याने,
मग माझ्या तळहातावर गारगार मुतला.

ही पोच चौदा आठवडे थांबली नाही.

बादलीत ठेवला. मागे ग्वेन
नव्या वहीचं कोरं पान पावसापासून झाकत उभी.
"किती?"
"एक."