पाच कोटी

घोडं अडलं होतं ते एका क्लिकवर.
जुना माऊस एकदा दाबला की दोनदा दाबल्यासारखा वागायचा,
आणि भूमिदेवाच्या देवळाच्या हिशेबात
टोफूवाल्या येनचे पाचशे डॉलर
खालोखाल दोन ओळींत जमा व्हायचे.
देवाची हरकत नव्हती.
हिशेबतपासनिसाची होती.

म्हणून पेंग युए-ताओ, वय एकोणसत्तर,
तैपेईच्या ग्वांगहुआ बाजारात, चौथ्या मजल्यावर,
निथळती छत्री अंगापासून लांब धरून उभी.

"मावशी, गेम कोणता खेळता?"
"एक्सेल."

हाओ-रानने हसू गिळलं. पोरगं चांगलं होतं.
फळीवर रांगेने बसलेले माऊस,
कुणी निळा श्वास घेतोय, कुणी जांभळा.
हा बघा, जाळीच्या पाठीचा, जेमतेम साठ ग्रॅम.
"उदबत्तीची राख आत जाईल रे."
हा, अंगठ्यापाशी बारा बटणं.
"अंगठा एकच आहे मला."
पाठीवर ड्रॅगन कोरलेला तिने उचलून पाहिला
आणि ठेवून दिला. नाकापेक्षा मोती जड.

मग तो काळा. साधा म्हणावा असा.
नुसता हलवला तर पडद्यावरचा बाण
उडून कोपऱ्यात जाऊन आदळला.
पोराने सोळा हजारांचा वेग आठशेवर आणला,
तेव्हा कुठे तो बाण
सकाळी भाजीला निघालेल्या माणसासारखा चालू लागला.
चाकाला एक टिचकी,
आणि बाराशे देणगीदार सर्रकन खाली,
पार गेल्या वर्षीच्या कंदील-उत्सवापर्यंत.

खोक्यावर छापलं होतं: पाच कोटी क्लिक.
ते वाचून ती थांबली.
माऊस उचलून तिने उजव्या कानाशी नेला, आणि दाबला.
पुन्हा दाबला.
गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

ताओयुआनच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
तिने हेच ऐकलं होतं.
पोलादी बोट सेकंदाला सात वेळा खाली यायचं,
न जेवता, न झोपता,
आणि समोर स्टुलावर युए-ताओ,
कान देऊन,
कुठला आवाज किंचित बसका होतो त्याची वाट बघत.
पाच कोटींना ब्याऐंशी दिवस लागतात, वर थोडे तास.
त्यातल्या एका खेपेच्या मधोमध तिचं लग्न झालं होतं.
सुट्टीवरून परतली तेव्हाही बोट चालूच होतं.
पुढे यंत्रं समुद्रापलीकडे गेली.
स्टुलं इथेच राहिली, भंगारात.
डावा कान तेव्हापासूनच जरा कमी.

हे तिने पोराला सांगितलं नाही.
एवढंच म्हणाली, "डावं बटण बरं आहे. उजवं जरा घाईत बसवलंय.
दुसरा नग दाखव."
त्याने तीन खोकी फोडली.
तिसऱ्याला ती हं म्हणाली.

मग बोटांवर हिशेब.
दिवसाला चार हजार क्लिक, सणासुदीला जास्त,
म्हणजे हा चालणार चौतीस वर्षं.
"मी तेव्हा एकशे तीनची असेन," ती म्हणाली.
"यातला अर्ध्या आयुष्याचा नाही का? अर्ध्या किमतीत?"

हाओ-रान खरंच विचार करू लागला.
फळीकडे पाहिलं, खाली वाकून खणही उघडला.
"अर्धा कुणी बनवत नाही, मावशी."
"ते माहीत आहे मला."

पन्नास डॉलर मात्र तिने कमी करून घेतले.
पावती देवळाच्या नावाने.

दिवा काही केल्या विझत नाही.
त्यासाठी कसलासा प्रोग्राम उतरवावा लागतो
आणि तो आधी ईमेल मागतो.
तिने वर काळी चिकटपट्टी लावली आहे.
रात्री, देवळाच्या मागच्या खोलीत,
पट्टीच्या कडेने निळं झिरपतं
फळांच्या ताटाशेजारी.

येन, टोफू, पाचशे.
दाबते. थांबते. उजवा कान पुढे करते.
एक ओळ.