श्वास

तोर्स्ती माझ्या तळघरात पहिल्यांदा आला तेव्हा एकोणीस वर्षांचा,
केमीच्या कागद गिरणीतली रात्रपाळी उरकून,
बाह्यांना लगद्याचा आंबूस वास.
बटाट्यांची पोती सरकवून मी माईक उभा केला.
त्यानं तोंड उघडलं,
आणि वर स्वयंपाकघरात आई कुत्र्याला विचारू लागली,
काय खाल्लंस रे मेल्या?

सगळं घशातून. खरवडून काढलेलं,
भांड्याच्या बुडाची करप काढावी तसं.
शब्द मला वहीत बघावे लागायचे:
कवट्या, अळ्या, सडके राजे.
एकोणिसाव्या वर्षी मरण म्हणजे
सुट्टीत जायचं गाव.
रात्री बेसिनमध्ये थुंकला तर लाल.
केवढा खूश झाला होता!

दोन ओळींच्या मध्ये तो घाईघाईनं श्वास ओढायचा.
मी ब्लेडनं टेपचा तेवढा तुकडा कापायचो,
टोकं जोडायचो.
राक्षसाला श्वास लागत नाही
यावर आमचं एकमत होतं.

मग तो वर चढला. किंकाळ्या,
डुकराच्या, दरवाज्याच्या, कशाकशाच्या.
जर्मनीत चिखलात उभ्या माणसांनी त्या डोक्यावर घेतल्या.
एसाईआसनं बेस विकून बोटींची इंजिनं दुरुस्त करायला घेतली.
तोर्स्तीला औलूच्या डॉक्टरनं आरशात दाखवल्या
स्वरतंतूंवरच्या दोन गाठी, मोहरीएवढ्या.
सहा आठवडे बोलणं बंद.
चिठ्ठ्या लिहायचा बायकोला: मीठ. खिडकी लाव.
एकदा नुसतंच: माझं चुकलं.
हेल्लेवी म्हणते, आमचा संसार त्या सहा आठवड्यांवर चाललाय.

बोलायला लागला तो गेला थेट
चर्चच्या गायकवृंदाच्या स्यूर्यालाबाईंकडे, वय चौऱ्याहत्तर.
त्यांनी पोटावर जाडजूड स्तोत्रांचं पुस्तक ठेवून त्याला जमिनीवर झोपवलं.
पुस्तक वर गेलं पाहिजे, म्हणाल्या,
घसा नुसतं दार आहे,
दाराला लाथा कसल्या मारतोस?

तेव्हापासून खर्ज.
रुंद, संथ, बर्फाखालून नदी सरकावी तसा.
जुने चाहते म्हणाले, विझला.
काचेच्या अलीकडून मी सांगतो ते कुणाला पटत नाही:
खोलीत तो आवाज
कुजबुजीपेक्षा जेमतेम मोठा असतो.
ओठ माईकला टेकलेले, डोळे मिटलेले,
राक्षस पुढे वायरीत वाढतो.

फेब्रुवारीत त्याचे वडील गेले.
तीन रात्री घरघर लागली होती.
तोर्स्ती खुर्चीत बसून ऐकत राहिला,
इतकी वर्षं तो ज्याच्या जवळपास जात होता
ते वडिलांच्या छातीत
कुणी न शिकवता, ताल न सोडता.
नंतर स्टुडिओत आला, हेडफोन चढवले,
तोंड उघडलं, मिटलं.
गुरगुर यायची ती जागा
घरघरीनं अडवली होती.
आम्ही कॉफी प्यायलो. वेलचीचा पाव खाल्ला.
बिल किती झालं, विचारलं त्यानं. मी म्हटलं, कसलं?

जूनमध्ये परत आला, रात्र नसलेल्या रात्री.
आता त्रेपन्न. गुडघा दुखतो म्हणून स्टुलावर.
एकच गाणं, त्यात राजा नाही, अळी नाही,
एक म्हातारा बर्फात भोक पाडून मासे धरतो.
आणि मला वहीची गरज पडली नाही,
शब्दन् शब्द कळत होता
त्या खर्जातून, चिखलातून बूट निघावा तसा.

दोन ओळींच्या मध्ये श्वास. लांब, फाटका,
शेवटी किंचित शीळ.
सवयीनं माझं बोट त्याच्यावर गेलं. हल्ली ब्लेड लागत नाही.
राहू दे, तो म्हणाला,
त्याच्या रोजच्या आवाजात,
जो पोस्टातल्या कारकुनासारखा बारीक आहे.

राहू दिला.
घरी जाताना मला ते तुकडे आठवले,
नखाएवढे, तपकिरी,
बटाट्यांच्या मोडांत पडलेले.
आई शनिवारी तळघर झाडायची
आणि सगळा केर सौनाच्या भट्टीत घालायची.
एखाद्या वेळी ज्योत हिरवट व्हायची.
आम्ही बाकावर उघडे बसलेले, तो आणि मी,
म्हणायचो, बघ, काय मस्त रंग.