भंगाराची बाजू

शेषराव, तू म्हनतं थे सारं खरं.
रोबोट म्हनजे पिंपाले रंग फासेल,
कोपरापाशी आतल्या मानसाचं बनियन दिसे.
वायरिंग तं म्याच पायलं, मोटारी बांधतो मी,
बावीस वर्स झाले नेरच्या स्टँडमांगं.
अर्थिंगचा पत्ता नाही,
आन् पान्यात नाचला गडी हिरोइनीसंगं,
शॉक बसला नाही कोनाले.
शेवटाचं तं बोलूच नको.
पृथ्वी वाचवली म्हने. कशापासून, थे सांगतलंच नाही.

पन यात्रेतल्या त्या तंबूतून
तू पानठेल्यावर गेलता, तवाची गोठ सांगतो.

सायंटिस्ट मेन स्विचवर हात ठेवते.
रोबोट म्हनते, थांबा. मोजतोय.
काय मोजतोस?
मला किती दिवस झाले ते.

आन् तेवढ्यात लाइन गेली.
खरीखुरी. फिडरच बसला असन.
नाहीतं शिट्ट्या, चपला, पैशे वापस.
त्या रोजी कोनी खोकललं नाही.

माह्या बाजूले जिनिंगवरचा गोदरू,
रुईच्या गाठी उचलता उचलता म्हतारा झालेला.
कार्डावर त्याची जन्मतारीख एक जानेवारी,
कॅम्पातल्या पोट्ट्यानं न इचारता टाकेल.
आंधारात त्याची बोटं चालत होती.
पेरावर आंगठा, मंग दुसऱ्या पेरावर,
मंग दुसरा हात.

जनरेटर लागलं, पृथ्वी वाचली, लोकं उठले.
थो बसूनच.
हिशेब चुकला म्हने,
पुन्हा पयल्यापासून धरतो.

तू म्हन भंगार.
म्या जलमभर भंगारातूनच तांबं काढलं.