एका कान्याइतकं

भरतीच्या रांगेत खोदादाद पुढे सरकला
तेव्हा हवालदार म्हणाला,
"भावाला पोचवायला आलास का, पोरा?"
त्याने कागद दाखवला. वय वीस.
कागद खरा होता,
अंगच खोटं पडलं:
दहा वर्षांच्या मुलाची छाती, ओठांवर लव नाही.

तो माती खायचा.
शिराझपासून दोन दिवसांवरच्या त्या गावात
हे सगळ्यांना ठाऊक होतं.
तंदूरमागची भिंत त्याच्या नखांनी
तोंडाच्या उंचीला खरवडलेली,
आणि ती खाच
दहा वर्षांत वर सरकली नव्हती.

मार दिला. तावीज बांधला.
तूबाने, बहिणीने, भिंतीला कडू काढा फासला,
त्याने तोही चाटला.

"उपाशी नाही ठेवलं मी त्याला,"
माहबानूने इस्पितळात तीनदा सांगितलं.
सकाळी रोटी, दुपारी रोटी, रात्री रोटी,
कोंड्यासकट, कागदासारखी पातळ,
मळली की लगेच भाजलेली.
मांस ईदेला. तेही आधी पाहुण्यांना.

"उपाशी नव्हता, बाई," डॉक्टर म्हणाला.
"त्याला हवं ते गव्हातच आहे,
पण कोंडा मूठ सोडत नाही.
पीठ रात्रभर आंबलं
तर त्याची बोटं जरा सैल होतात."
"काय आहे मुठीत?"
"जस्त."
"बादलीला असतं ते?"
"तेच. रोज चिमटीच्याही चिमटीइतकं."

ती आपले तळहात बघत राहिली.

जस्त. जास्त.
माझ्या भाषेत एका कान्याचा फरक;
तिच्या भाषेत तो असा दिसत नसेल.
तिने सगळं जास्तच दिलं होतं,
स्वतःच्या वाटचं तोडून,
हा काना तेवढा
कुणी तिला शिकवला नव्हता.

गोळ्या, अंडी, यकृताचे तुकडे.
सातव्या महिन्यात शेळीला हाक मारताना
त्याचा आवाज फुटला,
आणि शेळी बिचकून उभीच राहिली.

घरी आल्यावर तो भिंतीशी गेला.
खाच छातीशी आली होती.
तूबा लिंपायला माती कालवत होती,
त्याने घमेलं बाजूला सारलं,
का ते त्यालाही सांगता आलं नाही.

माहबानू आता रात्रीच पीठ भिजवते,
कालचा गोळा आजच्यात मोडते.
शेजारणी नाक मुरडतात:
म्हातारीचा हात बिघडला,
रोटीला वास येतो.
येऊ दे, म्हणते ती,
आणि परातीवर ओलं फडकं घालते.