परिच्छेद पाच

कसबा बावड्यात, कोर्टाच्या समोर,
पत्र्याच्या शेडमध्ये झेरॉक्स मशीनला खेटून माझं टेबल.
एकोणीस वर्षं दोन बोटांनी
दुसऱ्यांच्या शपथा टाईप करतोय.

आज रत्नाबाई आप्पासो मगदूम,
वय बासष्ट, धंदा शेती व घरकाम, राहणार वडणगे.
दावा गुऱ्हाळाच्या वाटणीचा.
अर्ज तूर्तातूर्त मनाईचा.

खोत वकील उभ्या उभ्या सांगतात, लिहा,
रात्री प्रतिवादीने काहील चोरून नेली.

"म्या बगितलं न्हाई," बाई म्हणते.
"लाईट गेलती. निस्ता आवाज.
काहील फरशीवनं वडत न्हेल्यावानी.
आन् खोकला."

वकिलांची पेन्सिल थांबते.
स्वतः पाहिलेलं चालतं, ते म्हणतात,
स्वतःच्या कानांनी ऐकलेलं चालतं.
लोक काय बोलतात ते नको.
अर्ज तूर्त आहे म्हणून समजूतही चालेल,
पण समजूत लिहिली की तिचा आधार लिहायचा.

मग मी खोडत जातो.
'त्याचं वाटुळं हुईल' काढलं.
'समद्या गावाला म्हाईत हाय' काढलं,
गाव काही सही करायला येणार नाही.
'आमचं मालक असतं तर'
यावर बोट जरा रेंगाळलं, मग तेही.

उरला आवाज. उरला खोकला.

"कुणाचा?"
"दिराचा. म्हावीरचा."
"कशावरून?"

मीठ खारट कशावरून,
असं विचारल्यासारखी ती माझ्याकडे बघते.

"लगीन हून आले तवा त्यो नऊ वर्साचा.
थंडी पडली की छाती भरायची.
रातचं उठून आडुळसा उकळायचा,
आपल्याच गुऱ्हाळातला गूळ घालायचा, पाठ चोळायची.
पयला खोकला कोरडा. दुसरा वला.
तिसरा मदीच तुटतुया."

खोत वकील उगाचच चष्मा पुसतात.
"घ्या. परिच्छेद पाच."

सदर खोकला प्रतिवादी क्रमांक एक यांचाच असल्याची
माझी समजूत आहे. सदर समजुतीस आधार असा की,
मी प्रतिवादीस त्यांच्या बालपणापासून

इथं कर्सर लुकलुकत राहतो.
सांभाळले? शुश्रूषा केली?

"त्ये नगं लिवू," बाई म्हणते.
"कोर्टात वाचत्यात. त्येची सून आसंल तितं."
"मग आधार काय लिहू?"
"वळखते. येवडंच."

येवढंच चालत नाही, वकील म्हणतात.
चालत नाही हे मलाही ठाऊक आहे.

शेवटचा मजकूर तयारच असतो, मी चिकटवतो:
माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे व बरोबर.
"खरं आन् बरूबर," ती विचारते,
"ही येकच का दोन?"
हजारो वेळा लिहिलंय. सांगता येत नाही.

पलीकडे पार्किंगमध्ये कुणीतरी खोकतं.
कोरडा.
बाई मान वळवत नाही.
मग ओला.
माझी दोन बोटं कीबोर्डवर तशीच,
आणि मी ऐकत बसतो,
तिसऱ्यासाठी.